डोमकावळ्याचं कूळ आणि आपलं देवक

पाटोद्यातल्या आमच्या अभ्यासवर्गात एका तरुण कार्यकर्त्याने सरळ प्रश्न टाकला. "आपण बौद्ध झालो, बावीस प्रतिज्ञा घेतल्या, देव आणि देवक दोन्ही सोडलं. मग देवकाची चर्चा आता कशाला? ही मागच्या दाराने घरवापसीच ना?" प्रश्न रास्त आहे. आजकाल 'संस्कृती जतन' नावाखाली काय काय घरात घुसवलं जातं ते आपण पाहतोच. पण उत्तर द्यायला आम्हाला पार कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यापर्यंत जावं लागलं, आणि तिथून परत येताना वाटेत न्यूयॉर्कला बाबासाहेबांच्या वर्गात थांबावं लागलं. म्हणून हा लेख.

कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतासमोर समुद्रात एक बेटांचा समूह आहे, हैदा ग्वाई. इंग्रजांनी त्याला आपल्या राणीचं नाव दिलं होतं, शार्लट राणीची बेटं. 2010 साली ते नाव अधिकृतपणे गेलं आणि मूळ नाव परत आलं. तिथले मूळ रहिवासी म्हणजे हैदा. मासेमारी करणारे, देवदाराच्या एका खोडातून लांबलचक होड्या कोरणारे लोक. त्यांचा सगळा समाज दोन भागांत वाटलेला आहे: एक डोमकावळ्याचा, दुसरा गरुडाचा. मूल आईच्या भागात जातं, बापाच्या नाही. आणि नियम असा की डोमकावळ्याने डोमकावळ्यात लग्न करायचं नाही. डोमकावळ्याची सोयरीक गरुडाशीच, गरुडाची डोमकावळ्याशीच.

या दोन भागांच्या आत अनेक कुळं आहेत आणि प्रत्येक कुळाची स्वतःची चिन्हं आहेत. अस्वल, लांडगा, बेडूक, बीव्हर, किलर व्हेल नावाचा काळापांढरा देवमासा. घरासमोरच्या उंच कुलस्तंभावर, होडीच्या नाळेवर, पेटीवर, पांघरुणावर, अगदी अंगावरच्या गोंदणातही ही चिन्हं असत. ती कुणीही कुठेही काढू शकत नव्हतं. कोणतं जनावर कोणत्या कुळाने मिरवायचं याचा हक्क ठरलेला होता. पॉटलॅच नावाच्या मोठ्या समारंभात पाहुण्यांना जेवण आणि दान देऊन, त्यांना साक्षी ठेवून तो हक्क जाहीर केला जाई. म्हणजे आपण ज्याला नक्षी म्हणू, ती त्यांच्याकडे सातबाऱ्यासारखी गोष्ट होती. लिहिलेली नव्हती, कोरलेली होती, एवढाच फरक.

आपल्याकडे कावळा म्हटलं की पिंडाला शिवणारा कावळा आठवतो आणि त्याच्या मागे दक्षिणेसाठी हात पुढे केलेला भटजी. हैदांचा डोमकावळा वेगळा आहे. त्यांच्या कथेत जग अंधारात होतं आणि एका म्हाताऱ्याने उजेड पेटीत कोंडून ठेवला होता. डोमकावळ्याने युक्तीने तो चोरला आणि सगळ्यांसाठी मोकळा केला. उजेड कोंडून ठेवणाऱ्याकडून तो पळवणारा पक्षी आम्हाला तरी जवळचा वाटला.

हैदांची छापील चित्रं पाहिली तर पहिल्यांदा काहीच कळत नाही. काळी जाड रेघ, कुठे फुगणारी, कुठे निमुळती होत जाणारी, न तुटता पूर्ण जनावरभर फिरते. तिच्या आत लाल रंग, कधी निळसर हिरवा. डोळ्यांच्या आणि सांध्यांच्या जागी कोपरे गोलावलेले लंबगोल. पण वाचायची खूण कळली की जनावर समोर उभं राहतं. चोच सरळ असेल तर डोमकावळा, टोकाला खाली वळलेली असेल तर गरुड. पुढचे दोन मोठे दात आणि जाळीच्या रेघांची शेपटी असेल तर बीव्हर. पाठीवर उंच कल्ला म्हणजे किलर व्हेल. जनावर एका बाजूने दिसेल तसं काढत नाहीत. कधी ते मधोमध उकलून दोन्ही बाजू पसरून ठेवतात, म्हणजे त्याचं काहीच लपत नाही. 1965 साली बिल होम या गोऱ्या अभ्यासकाने या रेघेचं व्याकरण पुस्तकात मांडलं आणि नव्या पिढीच्या कलावंतांनाही ते उपयोगी पडलं. आपलीच लिपी दुसऱ्याच्या पुस्तकातून पुन्हा शिकायची वेळ त्यांच्यावर का आली, हे पुढे वाचलं की कळेल.

1862 साली त्या किनाऱ्यावर देवीची साथ आली. नंतरही साथी येत राहिल्या. हजारोंच्या संख्येने असलेले हैदा विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सहाशेच्या आसपास उरले. गावंच्या गावं ओस पडली. त्यात 1884 साली कॅनडा सरकारने कायदा दुरुस्त करून पॉटलॅचवर बंदी घातली, ती 1885 पासून लागू झाली. दान देणं गुन्हा, समारंभ गुन्हा. मिशनऱ्यांनी कुलस्तंभांना मूर्तिपूजा ठरवलं. मुलं घरापासून तोडून निवासी शाळांत घातली गेली. आणि याच काळात संग्रहालयांची माणसं येऊन स्तंभ उतरवून न्यूयॉर्क, शिकागो, लंडनला घेऊन गेली. एका हाताने चिन्ह मिरवायला बंदी आणि दुसऱ्या हाताने तेच चिन्ह काचेच्या कपाटात. ही पद्धत आपल्या ओळखीची आहे. ज्याला जिवंतपणी वेशीबाहेर ठेवायचं, त्याची 'लोककला' म्हणून पोस्टर काढायची.

बंदी 1951 साली कायद्यातून गेली. मधल्या काळात सगळंच मेलं होतं असं नाही. चार्ल्स एडनशॉ (मृत्यू 1920) यांच्यासारखे कारागीर काळ्या मऊ दगडात कोरत राहिले, बाहेरच्या गिऱ्हाइकाला विकत राहिले, आणि त्या विकाऊ वस्तूंमधून रेघ टिकली. त्यांचे पणतू रॉबर्ट डेव्हिडसन यांनी 1969 साली, वयाच्या तेविसाव्या वर्षाच्या आतबाहेर, मॅसेट गावात कुलस्तंभ उभारला. त्या गावात जवळजवळ नव्वद वर्षांत उभा राहिलेला तो पहिला स्तंभ. बिल रीड (1920-1998) हे दुसरं मोठं नाव. त्यांची शिल्पं पुढे कॅनडाच्या वीस डॉलरच्या नोटेवर छापली गेली.

आणि याच साठ-सत्तरच्या दशकात आलं छापकाम. तंत्र कोणतं? आपल्या तालुक्याच्या गावात लग्नपत्रिका ज्याने छापतात तेच, स्क्रीन प्रिंटिंग. लाकडी चौकटीवर ताणलेली जाळी, तिच्यावर नमुना, रबरी पट्टीने ओढलेली शाई. काळ्याची चौकट वेगळी, लालची वेगळी. स्तंभ कोरायला अख्खं झाड आणि महिनोन् महिने लागतात, छापाच्या शंभर प्रती निघतात. त्या विकल्या जातात, आणि पॉटलॅच पुन्हा सुरू झाल्यावर पाहुण्यांना भेट म्हणूनही दिल्या जातात. साक्षीदाराच्या हातात पुराव्याची प्रत. पुढे 1985 साली जंगलतोडीविरुद्ध हैदा माणसं, त्यात म्हाताऱ्या बायाही, रस्त्यावर बसली आणि अटक झाली. 2024 साली ब्रिटिश कोलंबियाच्या सरकारने हैदा ग्वाईच्या जमिनीवर हैदांचा मूळ हक्क मान्य करणारा करार केला. रेघेने जमीन मिळवली असं कुणी म्हणणार नाही. पण ज्या समाजाकडे आपलं कूळ कोणतं याचा पुरावा भिंतीवर टांगलेला होता, तो समाज 'आम्ही इथलेच' हे सांगताना अडखळला नाही.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगतो, कारण आपल्या चळवळीत आदिवासी म्हटलं की सगळं गोड गोड लिहायची सवय आहे. जुना हैदा समाज समतेचा समाज नव्हता. त्यात सरदार होते, सामान्य होते, आणि लढाईत पकडून आणलेले गुलामही होते. स्तंभ उभारणारा सरदारच असे, गुलाम नव्हे. आम्हाला त्यांच्याकडून समाजरचना उचलायची नाही.

मग उचलायचं काय? त्यासाठी न्यूयॉर्कला थांबू.

9 मे 1916. कोलंबिया विद्यापीठात डॉ. अलेक्झांडर गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात पंचवीस वर्षांचे भीमराव आंबेडकर 'भारतातील जाती' हा निबंध वाचतात. हा प्रसंग आपण प्रत्येक जयंतीला सांगतो. पण गोल्डनवायझर कोण, हे कुणी सांगत नाही. ते फ्रान्झ बोआस यांचे विद्यार्थी. 1910 साली त्यांचा टोटेमवादावरचा प्रबंध प्रसिद्ध झाला. टोटेम म्हणजे कुळाची खूण असलेलं जनावर, झाड किंवा वस्तू. त्या प्रबंधात त्यांनी दोन प्रदेश समोरासमोर ठेवून तपासले होते. एक मध्य ऑस्ट्रेलिया. आणि दुसरा ब्रिटिश कोलंबियाचा किनारा, म्हणजे हैदा आणि त्यांचे शेजारी. त्यांचं म्हणणं असं की कुळाचं नाव, जनावराची खूण, ते जनावर न खाण्याचा नियम, आपल्याच कुळात लग्न न करण्याचा नियम, या सगळ्या गोष्टी कायम एकत्रच येतात असं नाही. प्रत्येकीचा इतिहास वेगळा तपासावा लागतो.

या माणसासमोर बाबासाहेबांनी काय मांडलं? आपल्या कुळात लग्न न करण्याचा नियम, बहिर्विवाह, हा भारतातल्या सगळ्या समाजात जुना आणि खोल आहे. गोत्र, कूळ, देवक सगळीकडे. जात म्हणजे त्या बहिर्विवाहावर वरून लादलेला अंतर्विवाह, जातीच्या आतच लग्न करण्याची सक्ती. हे वाक्य पाठ असलेले कार्यकर्ते पुष्कळ आहेत. पण डोमकावळा आणि गरुड समोर ठेवून वाचा, म्हणजे त्याचा अर्थ डोळ्यांना दिसतो. हैदांचं चिन्ह माणसाला बाहेर ढकलतं: जा, दुसऱ्या भागात सोयरीक कर. जात माणसाला आत कोंडते. आपल्या गावात या दोन्ही गोष्टी एकमेकींवर चढवलेल्या आहेत. खाली देवक, जे सांगतं की तुझ्यासारखंच देवक असणाऱ्याशी लग्न नको. वर जात, जी सांगते की या कुंपणाबाहेर लग्न नको. पहिला नियम सोयरे वाढवतो, दुसरा तोडतो. दुसरा नंतर आला आणि कुणीतरी आणला, हेच तर बाबासाहेब पंचविसाव्या वर्षी सिद्ध करत होते.

बत्तीस वर्षांनी, 1948 साली, 'अस्पृश्य मूळचे कोण' या विषयावरच्या ग्रंथात हाच धागा ते पुन्हा हातात घेतात. तेव्हा विद्वानांत एक मत जोरात होतं की अस्पृश्य हा वेगळा वंश, म्हणून तो वेगळा. बाबासाहेबांनी आधी नाकाच्या मापांची आकडेवारी घेऊन हे मत खोडलं. मग ते कुळांकडे वळले. महाराष्ट्रात मराठ्यांत आढळणारं कूळ महारांत आढळत नाही असं क्वचितच. पंजाबात जाटांची गोत्रं आणि चांभारांची गोत्रं तीच. कूळ एक असेल तर वंश दोन कसे? देवकाला हात जोडून नव्हे, ते पुरावा म्हणून टेबलावर ठेवून त्यांनी अस्पृश्यतेच्या वांशिक सिद्धांताचा निकाल लावला.

आमच्या अभ्यासवर्गातल्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच आहे.

आता देवकाबद्दल थोडं, कारण नव्या पिढीला ते माहीतच नाही आणि माहीत नसावं यात वाईट काही नाही. जुन्या पद्धतीच्या लग्नात मंडपात देवक बसवतात. कुणाचं पंचपल्लव, म्हणजे पाच झाडांच्या डहाळ्या. कुणाचा कळंब, कुणाचं कमळ, कुणाचा शंख, कुणाचं मोराचं पीस. आपल्याकडे जनावरांपेक्षा झाडंच जास्त, हा हैदांपेक्षा फरक. इंग्रजी राज्यात एन्थोव्हेन यांनी मुंबई इलाख्याच्या जाती-जमातींवर 1920 ते 1922 या काळात तीन खंड काढले, त्यात जातीजातींची देवकं नोंदवली. आपला बीड जिल्हा तेव्हा निजामाच्या राज्यात. तिथल्या जाती-जमातींवर सय्यद सिराज-उल-हसन यांचा ग्रंथ 1920 सालचा. साहेबांनी नोंदी केल्या त्या राज्य चालवायला, आपल्या कल्याणासाठी नव्हे. पण कागद कुणाच्याही कामाला येतो.

मोराचं पीस मुद्दाम सांगितलं. आमच्या पाटोदा तालुक्यात नायगावला मोरांचं अभयारण्य आहे, 1994 सालचं. बालाघाटच्या या उघड्याबोडक्या डोंगरांत पावसाळा लागला की मोरांची ओरड ऐकू येते. मोर म्हटलं की आपले उत्साही मित्र लगेच मोरे आडनावावरून मौर्यांवर उडी घेतात आणि तिथून सम्राट अशोकापर्यंत पोचतात. पाली परंपरा मौर्यांचं नाव मोराशी जोडते, हे खरं. सांचीच्या तोरणावर मोर कोरलेले आहेत, हेही खरं. अशोकाने पहिल्या शिलालेखात सांगितलंय की राजाच्या मुदपाकखान्यात पूर्वी असंख्य प्राणी मारले जात, आता दोन मोर आणि एक हरीण एवढेच, आणि पुढे तेही मारले जाणार नाहीत. पण नाव सारखं म्हणून वंश एक, हा पुरावा नाही. उद्या समोरचा वकील अशी मांडणी दोन मिनिटांत फाडेल आणि तिच्यासोबत आपली खरी मांडणीही कचऱ्यात जाईल. बाबासाहेबांनी एका नावावर निष्कर्ष काढला नव्हता. एका प्रदेशातल्या दोन जातींची कुळं रांगेने शेजारी ठेवून काढला होता.

नागाचं मात्र तसं नाही. 15 ऑक्टोबर 1956 च्या नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी नागपूर का निवडलं ते सांगितलं: बुद्धाचा धम्म पसरवणारे नाग लोक या भूमीतले. नाग म्हणजे साप नव्हे, माणसं. हैदा जाणून घेतल्यावर हे समजायला सोपं जातं. डोमकावळ्याच्या कुळातला माणूस काही पंखांचा नसतो. 'आम्ही नाग' म्हणणारा माणूसही वारुळात राहत नव्हता. खांडववन जाळताना साप जळाले असं महाभारत सांगतं तेव्हा तिथे कोण जळालं, हा प्रश्न म्हणूनच आपण विचारतो. कुळाच्या नावाचं जनावर करायचं आणि मग जनावर मारल्याचं पुण्य घ्यायचं, ही युक्ती फार जुनी आहे.

आणि आपल्या वाट्याला जे जनावर प्रत्यक्षात आलं ते कोणतं? मेलेलं ढोर. जिवंत बैलाची पोळ्याला पूजा पाटलाच्या दारात, तो मेला की ओढून न्यायला महार. कुळाचं चिन्ह इतरांइतकंच आपलंही होतं, पण गावाने आपल्यावर जी खूण मारली ती ओढलेल्या ढोराची. मार्च 1927 च्या महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचं मांस सोडा असं बजावलं. पुढच्या काळात गावोगाव ढोरं ओढणं बंद झालं, त्याबद्दल आपल्या माणसांनी बहिष्कार सोसला, मार खाल्ला. चिन्हांची लढाई चित्रकलेच्या तासाला होत नसते.

म्हणून आपण आपली चिन्हं नव्याने निवडली. 1951-52 च्या पहिल्या निवडणुकीत शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचं चिन्ह हत्ती होतं. तो हत्ती पुढे रिपब्लिकन पक्षाकडे आणि नंतर बहुजन समाज पक्षाकडे गेला. 2012 च्या जानेवारीत उत्तर प्रदेशात निवडणूक आयोगाने उद्यानांतले दगडी हत्ती झाकायला लावले तेव्हा प्लास्टिक गुंडाळलेल्या हत्तींचे फोटो देशभर छापून आले. आचारसंहिता आणि पॉटलॅचबंदी एक नव्हे, पण झाकल्यावर हत्ती जास्त दिसला, एवढं खरं. सारनाथचे सिंह, त्यांच्या खालचे घोडा आणि बैल आज राष्ट्राच्या मुद्रेवर आहेत. आणि ज्या स्क्रीन प्रिंटिंगने हैदांनी डोमकावळा छापला, त्याच तंत्राने आपल्या लग्नपत्रिकांवरचा गणपती जाऊन तथागत आले. मंडपात देवक बसत नाही, पण पत्रिकेवर चिन्ह आहे, आणि ते आपण जाणून निवडलेलं आहे. नागपूरचे सवी सावरकर तर बडोद्यात मुद्राचित्रण शिकले आणि गळ्यात मडकं, पाठीला झाडू बांधलेला अस्पृश्य त्यांनी छापचित्रात उभा केला. पेशवाई विसरू इच्छिणाऱ्यांच्या दिवाणखान्यात ते चित्र लागणार नाही.

याच्या उलट वारली चित्रांकडे पाहा. डहाणू-जव्हारकडच्या वारली बाया लग्नाचा चौक लिहितात तो विधी आहे. त्यांचा वाघदेव हा खरोखरचा देव आहे. जिव्या सोमा म्हसे यांच्यामुळे ती चित्रं जगभर गेली, 2011 साली त्यांना पद्मश्री मिळाली, 2014 साली वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकनही मिळालं. आज ती माणसं आणि तो वाघ प्रत्येक हॉटेलच्या भिंतीवर, पिशवीवर, सरकारी कंपाउंडवर आहे. ते रंगवणाऱ्या हातांपैकी वारली किती, आणि ज्यांचा तो वाघ आहे त्यांच्या जमिनीच्या दाव्यांचं काय झालं, हे विचारा.

तर उरलेलं अर्धं उत्तर. देवक बसवायचं नाही. त्याची पूजा नाही, त्याच्या नावाने बकरं नाही, लग्न जुळवताना त्याची विचारपूस नाही. यात तडजोड नाही. पण ते नोंदवायचं. आपल्या घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला विचारायचं: आपलं कूळ कोणतं सांगायचे? देवक काय होतं? गावातल्या मराठ्यांत, धनगरांत, मांगांत तेच कूळ, तेच देवक कुणाचं होतं? कुणाच्या लग्नात ते पाहिलं? हैदांनी काळाच्या ओघात हरवलेली रेघ संग्रहालयाच्या कपाटातून आणि गोऱ्याच्या पुस्तकातून परत काढली. आपली कपाटात नाही, आजीच्या तोंडात आहे. आजी ऐंशी वर्षांची आहे.

आम्ही पाटोद्यात सुरुवात केली आहे. एक साधी वही, रकाने पाडलेली: गाव, सांगणाऱ्याचं वय, कूळ, देवक, तेच देवक दुसऱ्या कोणत्या जातीत. सांगणाऱ्याचं नाव लिहायचं की नाही हे त्याच्या मर्जीवर. पहिल्या आजीने आधी हातच जोडले. "बाबांनी सोडायला सांगितलं, आम्ही सोडलं, आता कशाला विचारता?" तिला सगळं समजावून सांगितल्यावर ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, माहेरचं कळंब होतं, आणि पाटलाच्या घरचंही कळंबच. पोर असताना तिने आईला विचारलं होतं की मग ते आपले सोयरे का नाहीत, आणि आईने तिच्या तोंडावर हात ठेवला होता. दसऱ्यानंतर आमच्यातले निम्मे लोक कोयता घेऊन कारखान्यावर जातील. त्याआधी निदान पाच-सहा गावं तरी करायची आहेत. ज्यांना वहीचा नमुना हवा त्यांनी मागावा, आणि आपल्या तालुक्यात काय मिळतं ते कळवावं.

जय भीम.